पहिलं पान तिचं होतं

हिवऱ्याच्या जिनिंगमधे, काट्याच्या खोलीत,
सरकीच्या वासात आम्ही चौघं ब्रिज खेळतो.
गावात कोणाला पटत नाही.
"पैसे नाई लावत? मंग खेळता काहून?"

धरणाच्या कामावरचा ओव्हरसियर बदलून गेला
तेव्हा पत्त्यांचे दोन जोड आणि एक वही
मागे राहिली.
वहीत साऱ्या रीती, इंग्रजी नावांच्या.
आम्ही त्यांची बारशी केली.
चार बिनहुकुमी : एक्क्यांची विचारपूस.
दोन किलवर : पाहुण्याला विचारणं,
"घरी बदाम आहेत का चार? नाहीतर इस्पिक?"
उत्तर खोटं द्यायचं नाही.
लांजेवार फिटर म्हणाले, हे सोयरिकीवानीच हाय,
फक्त सोयरिकीत इतकं खरं कोनी बोलत नाई.

मी मापारी. बोली मला नवी नाही.
ढोरांच्या बाजारात पाहिलीय
दुपट्ट्याखाली बोटं चाचपणारी बोली.
वर दोघं एकमेकांच्या तब्येतीचं विचारतात
आणि खाली गोऱ्ह्याचा भाव ठरतो.
इथं उलटं. जे सांगायचं ते टेबलावर, मोठ्यानं,
समोरच्यालाही ऐकू जाईल असं.
डोळा नाही, खाकरणं नाही.
आणि जोडीदार थबकला
तर ते थबकणं तुला ऐकूच यायला नको.
वहीत हे शेवटच्या पानावर होतं, लाल शाईत.
वाचलं पहिल्याच दिवशी.
कळायला तीन वर्षं लागली.

त्या रात्री माझ्या हातात इस्पिकाची सहा पानं,
पंधरा गुण. मी म्हटलं, एक इस्पिक.
इंगोले डॉक्टरांनी (ढोरांचे डॉक्टर)
तोंडावर दार लोटावं तसं म्हटलं,
चार बदाम.
आता कौतिका सिस्टर.

सिस्टर थांबल्या.
पस्तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई,
तिला घाई कोणी शिकवलेली नाही.
पण असं थांबणंही मी पाहिलं नव्हतं.
पंखा कुरकुरला. इंगोलेंनी चष्मा पुसला.
मग त्या म्हणाल्या, पास.
लांजेवार, पास.

चार इस्पिक माझ्या जिभेवर आलं होतं.
थांबली म्हणजे काहीतरी आहे तिच्याकडे,
एखादा राजा, इस्पिकाची तीन पानं,
जायला नको-नको म्हणणारं काहीतरी.
पण हे मला बोलीनं सांगितलं नव्हतं.
आणि पल्ल्यावर बोट टेकलं
की माल किलोभर वाढतो,
हे मापाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.
मी बोट उचललं.
पास.

पहिलं पान तिचं होतं.
तिनं तेराच्या तेरा पानं उपडी ठेवली, नीट, एकावर एक.
"खोकला आयकला का?
तिकडं, रेच्यावाल्यांच्या खोल्यांत. चारखेप आला.
मधातला दम पुरा होऊन नाई राह्यला."
आम्ही तिघांनी काहीच ऐकलं नव्हतं.
तिनं बॅटरी घेतली, चपला अंधारातच चाचपल्या
आणि गेली.

म्हणजे ती खोकल्यासाठी थांबली.
किंवा खोकल्यासाठीही.
इंगोले म्हणाले, चार बदाम झालेच असते.
लांजेवार म्हणाले, एक हात कमीच पडला असता.
दोघं थोडा वेळ भांडले, मग गप्प झाले.
बाहेर कोणाचं तरी दार वाजलं,
कोणीतरी पाणी तापवायला सांगत होतं,
आवाज तिचाच.

लांजेवारांनी तिच्या पानांकडे बोट दाखवलं.
"पाह्यू का?"
मी मान हलवली.
पंख्यानं वरचं पान उडायला लागलं होतं,
काट्याजवळचं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन
मी त्यावर ठेवलं.
पहाटे गाड्या लागल्या तेव्हा
ते वजन काही मिळेना.
मालकानं विचारलं, मी म्हटलं,
आहे. कामात आहे.